गळती कोणाच्या हद्दीत?

आमच्या मागच्या खोलीची भिंत गळायला लागली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार पाणी थांबवायचा आला नाही. 'हे कोणाचं?' हा आला. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. हक्क आणि कर्तव्ये हा धडा शिकवून शिकवून माझे केस पांढरे झाले, आणि त्यातून मला एवढं पक्कं कळलं आहे की हक्क आपले असतात आणि कर्तव्यं वरच्या मजल्यावरच्यांची.

आमची इमारत बीड बायपासच्या आतल्या बाजूला आहे. चार मजले, सोळा घरं. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि आमच्या भागात आठवडा कधी सात दिवसांचा असतो, कधी दहा. पाणी आलं की आधी खालची टाकी भरते, मग मोटर लागते, गच्चीवरची टाकी भरते आणि मग घराघरात पाणी सुटतं. त्या दिवशी इमारतीत लग्नघरासारखी धावपळ असते. कोणी कामावर वेळेत जात नाही. आमचे प्राचार्यही त्याबद्दल बोलत नाहीत, कारण त्यांच्याकडचा पाण्याचा दिवस वेगळा आहे आणि त्या दिवशी ते येत नाहीत.

आई पाडव्यानंतर करमाडहून आमच्याकडे आली. तिला दमा आहे. धाकटा भाऊ गावातली शेती बघून शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, त्याची बायको अंगणवाडीत, त्यामुळे दिवसभर घरात तिच्याजवळ कोणी नसायचं. आई माझ्याकडे राहील, असं मीच म्हणालो. चार नातेवाइकांसमोर म्हणालो, आणि जरा मोठ्यानंच म्हणालो. आईनं मात्र लगेच मान डोलावली नाही.

"पोळ्यापर्यंत बघते," ती म्हणाली. "करमलं तर ऱ्हाते. नाय तर मला माझ्या घरी सोडायचं. तवा मंग हट्ट करायचा नाय."

मला ती राहायला हवी होती. नातेवाइकांना दाखवायची हौस त्यात होती, नाही कशाला म्हणू? पण संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर "दुपारी जेवला का नाय?" असं विचारणारं घरात कोणी असणं, ही पन्नाशीनंतर मोठी चैन असते. ती चैन मला पोळ्यानंतरही हवी होती. म्हणून तिला मागची खोली दिली, पूर्वेच्या खिडकीची, बाथरूम शेजारी असलेली. तीन आठवड्यांनी नेमकी तिच्याच उशालगतची भिंत गळायला लागली.

बायको म्हणाली, "एक प्लंबर बोलावून बघू या का?" मी तिला समजावलं की प्रश्न पाइपचा नसून तत्त्वाचा आहे. आज आपण दुसऱ्याचा पाइप दुरुस्त केला तर उद्या सगळ्या इमारतीचे पाइप आपल्याच गळ्यात पडतील. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती तत्त्वाच्या प्रश्नांवर बोलत नाही, भाजी निवडते.

वरच्या मजल्यावर एक काका राहतात. ते भूमी अभिलेखच्या ऑफिसातून निवृत्त झालेले मोजणीदार. आयुष्यभर भावाभावांचे बांध मोजले, त्यामुळे भांडणाशिवाय त्यांना करमत नाही. मी तक्रार घेऊन गेलो तर हा माणूस चक्क खूश झाला. आतून टेप आणला, चष्मा लावला आणि माझ्याबरोबर खाली आला.

"सर, आता हे बघा," भिंतीवर टेप धरून ते म्हणाले. "स्लॅब पाच इंची. वरचे अडीच इंच माझे, खालचे अडीच तुमचे. पाणी माझ्या अडीचातून निघतंय का तुमच्या, तेवढं दाखवा. मी आत्ता करून देतो."

"काका, पाणी वरून खाली येतं. हे पाचवीच्या पुस्तकात आहे."

"येतं ना. पण वरून म्हंजे कुठून? माझ्या वर बी एक मजला हाय, त्याच्या वर गच्ची हाय, अन् गच्ची सोसायटीची."

अशा रीतीनं पहिल्याच बैठकीत गळतीचा सातबारा तयार झाला. मालकी सोळा जणांच्या नावानं, ताबा माझ्याकडे.

आईला आणखी दोन दिवस त्या खोलीत ठेवलं आणि तिचा खोकला वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, ओल या बाईला चालणार नाही. मग तिची खाट हॉलमध्ये आणली, टीव्ही आणि शोकेसच्या मधल्या जागेत. तात्पुरती, असं मी म्हणालो. ही तात्पुरती सोय चार महिने टिकली.

सोसायटीची सभा भरली ती आमच्याच हॉलमध्ये. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की घटनास्थळी चर्चा झालेली बरी. त्यांचं नळ, टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे कुठेही पाणी गळतंय असं ऐकलं की त्यांच्या चेहऱ्यावर एक गंभीर समाधान येतं. बारा-तेरा माणसं जमली. निम्मी सोफ्यावर आणि खुर्च्यांवर, दोघं आईच्या खाटेच्या पायथ्याशी. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मधूनमधून खोकत होती. तिच्या खोकल्यापुरती सभा थांबायची, मग पुन्हा सुरू व्हायची. चहा दोनदा झाला. पाइप दोन घरांच्या मधल्या भिंतीत असेल तर कोणाचा, डक्टमध्ये असेल तर कोणाचा, भिंतीतून डक्टमध्ये जाताना असेल तर कोणाचा, यावर इतकी सखोल चर्चा झाली की तेवढ्यात पाइप आपणहून बुजला असता तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं.

मग अध्यक्षांनी पिशवीतून एक फाइल काढली. सोसायटीचा विमा! इमारतीचा विमा उतरवलेला आहे, ही गोष्ट आमच्यापैकी अनेकांना त्या दिवशी कळली. तो अध्यक्षांच्या मेहुण्यानं उतरवला होता, त्यामुळे वाचायची गरज कोणाला पडली नव्हती. आता मोठ्यानं वाचून झाला. पाइप अचानक फुटून नुकसान झालं, तर भरपाई मिळणार. पाणी हळूहळू झिरपून झालं, तर नाही. राहणाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे झालं, तर मुळीच नाही. आणि विमा कंपनीचा सर्वेयर येऊन बघेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

"म्हंजे अचानक म्हणायचं," काकांनी सारांश काढला.

"सगळ्यांनीच अचानक म्हणायचं," अध्यक्ष म्हणाले. ठराव एकमतानं पास झाला. आमच्या सोसायटीत एकमतानं पास झालेला तो बहुधा पहिलाच ठराव असावा.

जाता जाता कोणीतरी बारीक आवाजात विचारलं की कोणाच्या घरात माळ्यावर जादा टाकी वगैरे नाही ना, कारण ते नियमात बसत नाही, आणि सर्वेयर विचारील. माळ्यावर टाकी बसवायची नाही, असा सोसायटीचा जुना नियम आहे. वजनानं स्लॅबला धोका होतो. अध्यक्षांनी गंभीरपणे सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी गंभीरपणे नकारार्थी माना हलवल्या. आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात सोळापैकी सोळा घरांत बाथरूमच्या माळ्यावर टाकी होती, आणि त्यातल्या बऱ्याच अध्यक्षांच्याच दुकानातून आल्या होत्या. मीही मान हलवली. राज्यशास्त्रात याला लोकमत म्हणतात.

त्यानंतर आम्ही सर्वेयरची वाट बघू लागलो. बायकोनं पुन्हा एकदा प्लंबरचा विषय काढला, तर मी तिला कलम वाचून दाखवलं. हात लावायचा नाही! एखाद्या खुनाच्या जागेचा पंचनामा व्हायचा असावा तसं मी त्या खोलीला कुलूप घातलं. पाण्याच्या दिवशी तेवढं उघडून भिंतीखाली घमेलं ठेवायचं.

सर्वेयर आले ते वैशाखातल्या एका कोरड्या दुपारी. पाणी येऊन सहा दिवस झाले होते. भिंतीवर ओलीचा डाग होता, पोपडे सुटले होते, पण थेंब एकही नव्हता. त्यांनी फोटो काढले, भिंतीवर बोट टेकवलं, बोट बघितलं आणि कागदावर लिहिलं, 'पाहणीच्या वेळी गळती आढळली नाही.'

"पाणी सुटलं की गळतं हो," मी म्हणालो. "अचानक. एकदम अचानक."

"हो, अचानकच," मागून काका आणि अध्यक्ष एका सुरात म्हणाले.

सर्वेयरनी हॉलमधून जाताना खाटेवरच्या आईला सहज विचारलं, "आजी, कधीपासून गळतंय हे?"

"आखाजीच्या आधीपासून," आई म्हणाली. "दर पाण्याला गळतंय बघा. आधी थोडं होतं, आता लई वाढलं."

मी आईकडे बघितलं. अध्यक्षांनी छताकडे बघितलं. सर्वेयर भला माणूस होता, त्यानं ते लिहून घेतलं नाही. फक्त म्हणाला की गळती प्रत्यक्ष बघायला पाण्याच्या दिवशी यावं लागेल, तुमच्याकडे पाणी आलं की फोन करा.

पुढच्या पाण्याला मी फोन केला. ते म्हणाले, "सर, आज नाय जमायचं. आज माझ्याकडं बी पाणी हाय." आमची आणि त्यांची कॉलनी एकाच दिवशी पाणी मिळणाऱ्यांतली निघाली. आता ज्या दिवशी गळती दिसते त्या दिवशी सर्वेयर स्वतःच्या घरी पिंप भरत असणार, आणि ज्या दिवशी ते मोकळे त्या दिवशी माझी भिंत कोरडी असणार. असं दोन महिने चाललं. अर्ज, स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. मी मसुदे सुरेख लिहितो. काकांनी त्यांना 'हद्दीचा नकाशा' म्हणून स्लॅबचं एक रेखाचित्र जोडलं, शाईनं काढलेलं, खाली सही.

या काळात आईच्या खाटेभोवती किती बैठका झाल्या, मला आठवत नाही. दर रविवारी एक तर नक्कीच. आई दुपारी जरा डोळा लागायच्या वेळेला लोक यायचे, आणि मी तिला म्हणायचो, "आई, तू झोप गं, आमचं हळू चालतं." आमचं हळू कधीच चाललं नाही. तिला रात्री दम्याचा पंप ओढावा लागायचा. सकाळी ती म्हणायची, "काय नाय, बरं हाय." एकदा मी कॉलेजला निघालो असताना तिनं मला हाक मारली.

"आरं, ते पाणी सुटल्याबरुबर गळत नाय. मी बघितलंय. तासाभरानं गळाया लागतं. अन् बंद झाल्यावर बी जरा टिपकत ऱ्हातं. वरून येत असतं तर आधी आलं असतं."

जन्मभर विहिरीवरून पाट काढून वाफे भिजवलेली बाई ती. पाणी कुठून निघतं आणि कुठं जिरतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळणार, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी म्हणालो, "आई, हे जरा टेक्निकल आहे. तुला नाही कळायचं." असं मी म्हणालो, याची मला आजही लाज वाटते.

श्रावण लागला आणि एकदाचा योग आला. सर्वेयरांच्या कॉलनीचं वेळापत्रक बदललं, आमचं नाही. सकाळी अकराला पाणी सुटलं आणि ते साडेअकराला हजर. काका आले, अध्यक्ष आले, आणखी दोघं-तिघं आले. मी मागच्या खोलीचं कुलूप काढलं, घमेलं मांडलं, आणि आम्ही सगळे त्या भिंतीसमोर उभे राहिलो. काही नाही. पाच मिनिटं झाली, वीस मिनिटं झाली. भिंत ढिम्म. बायकोनं चहा आणला. सर्वेयर घड्याळ बघायला लागले. साडेतीन महिने जी भिंत इमानानं गळली, ती आज नेमकी पाहुण्यांसमोर सोवळं नेसून बसली होती.

आई भिंतीला धरत धरत दारापर्यंत आली होती. ती सर्वेयरना म्हणाली, "जरा दम धरा. टाकी भरू द्या. भरल्याबिगर नाय गळत ती."

"कोणती टाकी, आजी?"

"माळ्यावरची. ह्याच्या न्हाणीतली."

ती हे भोळेपणानं बोलली, की तिचा धीर संपला होता, हे मी तिला कधी विचारलं नाही. सर्वेयरनी बाथरूममध्ये जाऊन माळ्यावरचा पडदा सरकवला. आत माझी काळी टाकी काठोकाठ भरत आली होती. आमच्या डोळ्यांदेखत ती भरली, पाणी वरच्या, जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपमध्ये शिरलं, आणि पलीकडून काकांचा विजयी आवाज आला, "सर, गळायला लागलं!"

त्या पाइपाचं वळण भिंतीच्या आत सुटलेलं होतं. बाहेर जायचं पाणी भिंतीला मिळत होतं. हा शोध लागल्यावर काका माझ्याजवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा." मग जरा वाकून कानात म्हणाले, "माझ्या टाकीचं बी एकदा बघून घेतो."

सर्वेयरनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. त्या दिवशी त्यांना लिहायला अडचण कसलीच नव्हती. हळूहळू, विनापरवाना आणि निष्काळजीपणा, तिन्ही एका ठिकाणी.

दुपारीच प्लंबर चाचा आले. जुना माणूस. माळ्यावर चढून त्यांनी टाकीत डोकावलं आणि वरूनच विचारलं, "साहब, इसका बॉल किधर है?"

टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तो तरंगता गोळा मीच काढून टाकला होता. तो असला की टाकी चार बोटं रिकामी राहते. दहा दिवसांनी येणारं पाणी, आणि चार बोटं वाया? पाणी कधी सुटेल याचा नेम नाही म्हणून कॉकही कायम उघडा ठेवलेला. हे मी चाचांना सांगितलं.

"चार उंगल पानी के वास्ते पूरी दीवार को पिला दिये तुम," ते म्हणाले, आणि कामाला लागले. नवं वळण बसवलं, नवा बॉल लावला. अर्धा तास लागला. चहाला थांबा म्हटलं तर नक्को म्हणाले, दुसरं काम होतं. त्या आठवड्यात अध्यक्षांच्या दुकानातले सगळे बॉल संपले, असं ऐकलं. सभा मात्र कोणी बोलावली नाही.

विमा कंपनीचं नकाराचं पत्र फार सभ्य होतं. मी ते दोनदा वाचलं. मग पंखा लावून भिंत सुकवली, पोपडे खरवडले, आईला आवडतो म्हणून फिकट पिवळा रंग दिला. खाट परत आत नेली, उशाशी खिडकी येईल अशी लावली. पोळ्याला पाच दिवस होते. मी बायकोला म्हणालो, बघ, वेळेत झालं सगळं.

संध्याकाळी घरी आलो तर आईची पिशवी भरलेली. लुगडी घडी करून वर ठेवलेली, औषधाचा डबा दोरीनं बांधलेला.

"आई, आता कशाला?" माझा आवाज चढला. "आता तर सगळं कोरडं झालं. हात लावून बघ."

"भिंतीचं काय नाय रे," ती म्हणाली. "भिंत चांगली केलीस. बस इथं." मी तिच्याजवळ बसलो. ती चिडलेली नव्हती, तेच मला जड गेलं. "चार महिने मी त्या खाटंवर पडून ऐकलं. पाणी गळतंय, म्हातारी खोकतीय, अन् तुम्ही सगळे शिकलेली माणसं ठरवताय, हे कुणाचं हाय. उद्या माझे हातपाय गेले, जागेवरून उठाया येईना, तर तू असाच भावाला बोलावशील, बहिणीला बोलावशील, मंग बसून ठरवशील मी कुणाच्या वाट्याची. तवर मी कुठं पडू?"

"आई, काहीतरीच काय बोलतेस!" मी म्हणालो. "मी असं करीन का?"

तिनं माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं आणि ती पिशवीचं तोंड बांधायला लागली. आणि मला आठवलं, गेल्याच आठवड्यात मी भावाला फोन करून म्हणालो होतो की पोळ्यानंतर आई सहा महिने तुझ्याकडे आणि सहा महिने माझ्याकडे, असं एकदा रीतसर लिहून काढू या, म्हणजे पुढं वाद नको. तेव्हा तिची खाट हॉलमध्येच होती, आणि मी तिच्या पायथ्याशी उभा राहून बोलत होतो.